पार्किन्सन्सच्या रुग्णासाठी चारचाकी वॉकर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या यजमानांना पार्किन्सन्सचे निदान होऊन आठ वर्षे झाली. पहिली काही वर्षे औषधे आणि नियमित व्यायाम यांवर निभावली. नंतर चालता चालता पाय अचानक जमिनीला चिकटू लागले, आणि एका पावसाळ्यात दोन महिन्यांत तीनदा पडल्यावर आधाराशिवाय चालणे धोक्याचे झाले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही बसण्याची सोय असलेला चारचाकी वॉकर विकत घेतला. दुकानात त्याला रोलेटर म्हणतात. खरेदीपूर्वी मी जे अभिप्राय वाचले, ते जवळजवळ सगळे गुडघेदुखी असलेल्या किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या माणसांचे होते. त्यांचा आम्हांला फारसा उपयोग झाला नाही, उलट थोडी दिशाभूलच झाली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दिशाभूल होण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. गुडघा दुखणाऱ्या माणसाला अंगाचा भार टेकवायला काहीतरी हवे असते, आणि भार पेलणारा कोणताही मजबूत वॉकर त्याचे काम करतो. पार्किन्सन्सच्या माणसाच्या पायांत बळ असते. त्याची अडचण चाल सुरू करण्याची, ती एका लयीत ठेवण्याची आणि हव्या त्या जागी थांबवण्याची असते. मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, आणि ज्या हालचाली आपण विचार न करता करतो त्यांचे आपोआप चालणे बिघडते. पाऊल उचलावे हे कळते, उचलण्याची इच्छाही असते, पण पाऊल उचलले जात नाही. कधी याच्या नेमके उलट होते : शरीर पुढे झुकते, पावले लहान आणि जलद होत जातात आणि माणूस आपल्याच तोलाच्या मागे धावल्यासारखा पुढे ओढला जातो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचे पहिले नीट वर्णन केले, त्यातही पुढे झुकण्याचा आणि चालता चालता धावू लागण्याचा उल्लेख आहे. आम्हांला मात्र वॉकर घेताना यातले काहीच विचारात घ्यायचे सुचले नाही.

नागपुरात धंतोलीतील ज्या दुकानात आम्ही प्रथम गेलो, तेथे आजाराचे नाव सांगितल्यावरही विक्रेत्याने चार रबरी पायांचा, चाके नसलेला साधा घडीचा वॉकर पुढे केला आणि सर्व रुग्णांना हाच चालतो असे सांगितले. आम्ही तो घेतला आणि तीन आठवड्यांत बाजूला ठेवला. हा वॉकर उचलायचा, पुढे ठेवायचा, मग एक पाऊल टाकायचे, पुन्हा उचलायचा असा असतो. म्हणजे प्रत्येक पावलाला चाल थांबते आणि नव्याने सुरू करावी लागते. ज्याची मुख्य अडचणच चाल सुरू करण्याची आहे, त्याला मिनिटाला वीस वेळा ती सुरू करायला लावणे कसे योग्य ठरेल? यांचे पाय या वॉकरसह जितके चिकटत, तितके त्याच्याशिवायही चिकटत नसत. शिवाय वॉकर हवेत उचललेला असताना तोल मागे जात असे. पार्किन्सन्स असलेल्या कोणाला कोणी हा साधा वॉकर सुचवला, तर घेण्याआधी दुकानातच दहा पावले चालून पाहावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर घेतलेला चारचाकी वॉकर अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचा आहे. वजन सात किलोच्या आसपास, पुढची दोन चाके वळणारी, मागची सरळ, दोन्ही हातांना सायकलसारख्या ब्रेकच्या दांड्या, मध्ये गादीची बैठक आणि बैठकीखाली सामानाची जाळी. किंमत साडेआठ हजार रुपये पडली. पहिल्या दिवसापासून लक्षात आलेला गुण म्हणजे चाल तुटत नाही. चाके फिरत राहतात, पावले त्यांच्यामागे जातात, आणि एकदा लय लागली की घरासमोरच्या गल्लीच्या टोकापर्यंत हे न थांबता जातात. मूठ धरल्यावर हाताचा कंपही बराच कमी होतो, कारण पार्किन्सन्सचा कंप हात स्वस्थ असताना अधिक असतो आणि हात कामाला लागला की उणावतो. मुठींची उंची मात्र काळजीपूर्वक लावावी लागते. ताठ उभे राहून हात सैल सोडले असता मनगटाची घडी जेथे येते, तेथे मूठ यायला हवी. दुकानातून आलेल्या उंचीवर आम्ही आठवडाभर चालवला आणि यांचा पुढे झुकण्याचा कल त्यामुळे वाढला.

आता ब्रेकविषयी. या वस्तूचा खरा कस येथेच लागतो, आणि येथेच ती पार्किन्सन्सच्या माणसाला अपुरी पडते.

हे अजनीला रेल्वेत लोको पायलट होते. आयुष्यातली चौतीस वर्षे त्यांनी गाड्या चालवण्यात घालवली. वॉकर घरी आला त्या संध्याकाळी त्यांनी बैठकीवर हात ठेवून दोन्ही दांड्या बराच वेळ दाबून आणि सोडून पाहिल्या, आणि म्हणाले, "अगं, याचा ब्रेक उलटा आहे." मला तेव्हा ते समजले नाही. त्यांनी समजावून सांगितले ते असे : रेल्वेगाडीच्या ब्रेकच्या नळीत हवेचा दाब पाच किलो प्रति चौरस सेंटिमीटर ठेवलेला असतो, आणि तो दाब आहे तोपर्यंतच ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबे तुटले, कोठेही हवा निसटली की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे काही बिघडले तर गाडी थांबते. या वॉकरमध्ये ब्रेक लावण्यासाठी माणसाने दांडी दाबायची असते. माणूस गोंधळला, हात वेळेवर वळला नाही, तर वॉकर चालतच राहतो. "बिघडला की थांबला पाहिजे, हा बिघडला की पळतो," असे ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे दहा दिवसांत खरे ठरले. आमच्या गल्लीला एका जागी किंचित उतार आहे. तेथे पावले लहान आणि जलद होऊ लागली, वॉकर पुढे निघाला, हात ताणले गेले, अंग अधिक झुकले, आणि दांडी दाबायची हे ठाऊक असूनही बोटे वेळेवर वळली नाहीत. पार्किन्सन्समध्ये हालचाल मंदावते आणि घाईच्या क्षणी ती आणखी मंदावते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक हाताशी नसल्यासारखाच असतो. शेजारच्या मुलाने धरले म्हणून इजा झाली नाही. त्यानंतर दोन आठवडे वॉकर कोपऱ्यात उभा होता आणि तो परत करावा असे मला वाटत होते.

मार्ग निघाला तो आमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीमुळे. तिने सांगितले, "काका म्हणतात तसा उलट ब्रेकचा वॉकरही असतो, काकू. त्यात दांडी दाबली की चाके सुटतात आणि सोडली की लागतात." तो खास याच आजारासाठी सुचवला जातो, पण नागपुरात चौकशी केलेल्या चारही दुकानांत तो मिळाला नाही आणि बाहेरून मागवायचा तर किंमत आमच्या आवाक्यापलीकडे होती. तेव्हा तिने दुसरा उपाय सुचवला. मागच्या चाकांच्या ब्रेकची तार थोडी आवळून ब्रेकचे रबर चाकाला सतत हलकेच घासत राहील असे करायचे, म्हणजे वॉकर आपणहून धावणार नाही, त्याला किंचित ढकलावे लागेल. हे काम आमच्या भागातील सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तिच्या देखत पंधरा मिनिटांत केले. दोन्ही बाजूंचे घर्षण अगदी सारखे असावे लागते, नाहीतर वॉकर एका अंगाला ओढतो. पहिल्या प्रयत्नात तो डावीकडे जात होता, म्हणून तार पुन्हा जुळवावी लागली. या फेरफारानंतर वॉकर एकदाही हातातून पुढे निसटलेला नाही. घर्षणामुळे रबर लवकर झिजते आणि दर दोन महिन्यांनी तार पुन्हा आवळावी लागते, पण हा खर्च किरकोळ आहे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीशिवाय हे कोणी करू नये, कारण घर्षण किती ठेवायचे हे त्या माणसाच्या चालीवर अवलंबून असते.

हा फेरफार करूनही घरात वॉकरचा उपयोग मर्यादितच राहिला. आमचे घर जुने आणि बैठे आहे, प्रत्येक खोलीला लाकडी उंबरठा आहे, आणि न्हाणीघराचे दार दोन फुटांचे आहे. वॉकरची रुंदी त्याहून थोडी अधिक असल्याने तो तेथे जातच नाही, आणि पडण्याचा धोका सर्वांत अधिक तेथेच असतो. उंबरठ्याशी वॉकरची पुढची चाके अडतात, ती उचलण्यासाठी मुठी खाली दाबाव्या लागतात आणि त्या क्षणी तोल मागे जातो. त्याशिवाय दार हीच पार्किन्सन्सच्या माणसासाठी अवघड जागा असते. अरुंद जागा दिसली, वळायचे असले, कोणी हाक मारली किंवा दारावरची घंटा वाजली की पाय चिकटतात. सुरुवातीला मला वाटे की हे दाराशी येऊन विचारात पडतात. तसे नसते, मोकळ्या ओसरीवर चालणारा माणूस दाराच्या चौकटीत येताच थांबतो, कारण चालीचा आपोआप चालणारा भाग तेथे खंडित होतो.

यावर उपयोगी पडली ती रंगीत चिकटपट्टी. फिजिओथेरपिस्टने दाराच्या अलीकडे आणि पलीकडे, पलंगापाशी आणि न्हाणीघराच्या वाटेवर पिवळ्या पट्ट्यांच्या आडव्या रेघा चिकटवायला लावल्या, एकमेकींपासून साधारण दीड फुटावर, यांच्या सोयीच्या पावलाइतक्या. पाय चिकटला की पुढच्या रेघेकडे पाहायचे आणि तिच्यावरून पाय टाकायचा. डोळ्यांसमोर ठरावीक खूण असली की मेंदू त्या बिघडलेल्या आपोआप वाटेऐवजी जाणीवपूर्वक पाऊल टाकण्याची दुसरी वाट वापरू शकतो, असे तिने सांगितले. याच कारणाने या आजारात पुष्कळांना सपाट फरशीपेक्षा जिना चढणे सोपे जाते. प्रत्येक पायरी ही एक रेघच असते. यांना ही कल्पना लगेच पटली, कारण रुळांखालचे स्लीपर असेच आडवे असतात. आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर किलोमीटरला १६६० स्लीपर घालतात, म्हणजे दोहोंमध्ये सुमारे साठ सेंटिमीटर अंतर पडते, आणि रुळांवरून चालणारा माणूस पाऊल त्याच मापाने टाकतो, हे त्यांनी तिला उत्साहाने सांगितले. त्या दिवशी खूप महिन्यांनी आपल्याला काहीतरी ठाऊक आहे असा त्यांचा आवाज मी ऐकला.

या पट्ट्यांना एकूण दीडशे रुपये लागले. घराच्या आत त्यांनी साडेआठ हजारांच्या वॉकरपेक्षा अधिक काम केले हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. एक सूचना मात्र आवश्यक आहे : उन्हाळ्यात कूलरचे पाणी सांडून किंवा रोज फरशी पुसल्याने पट्टीची कड उचलली जाते, आणि उचललेली कड पायात अडकते. आम्ही दर पंधरवड्याला पट्ट्या तपासतो. कूलरची तार आणि पाण्याची नळी चालण्याच्या वाटेवरून हलवणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

घराबाहेर वॉकरने आपली किंमत पूर्णपणे वसूल करून दिली. नागपूरचा मे महिना सर्वांनाच जड जातो, पण या आजारात त्याचा त्रास वेगळा असतो. पार्किन्सन्समुळे आणि त्याच्या औषधांमुळेही उठून उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. घाम आणि पाणी कमी पडणे यांची त्यात भर पडली की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी पाच पावलांवर बैठक असणे आणि बैठक स्वतःसोबतच असणे यांत फार मोठे अंतर आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही फक्त सकाळी सहाच्या आधी फिरायला जात होतो, तरी आठवड्यातून दोनतीनदा त्या बैठकीचा उपयोग झाला. बसण्यापूर्वी दोन्ही दांड्या खाली दाबून चाके पक्की करावी लागतात, आणि खट असा आवाज दोन्ही बाजूंनी आला की नाही हे सोबतच्या माणसाने पाहावे. बैठकीचे आच्छादन काळ्या रेक्झिनचे आहे, ते उन्हात दहा मिनिटांत तापते; मी त्यावर जाड सुती खोळ शिवली आहे. उत्पादकाने हा विचार आपल्या हवामानासाठी करायला हवा होता.

रस्त्यांबाबत अनुभव संमिश्र आहे. सिमेंटच्या रस्त्यावर वॉकर छान चालतो, पण रस्ता उंच आणि कडेची जागा खाली राहिल्याने उतरताना मोठी उंची पार करावी लागते आणि तेथे दुसरा माणूस लागतोच. पदपथावरच्या खडबडीत ठोकळ्यांवर सहा इंची चाके थरथरतात आणि ती थरथर मुठीतून हातात येते, त्यामुळे शक्य असेल त्याने आठ इंची चाकांचा घ्यावा. मेट्रोचा अनुभव मात्र मनापासून चांगला सांगता येतो. अजनी चौक स्थानकावरून झिरो माइलपर्यंत आम्ही दोनदा गेलो. लिफ्ट आहे, फरशी सपाट आहे, आणि डब्यात चढताना फटीजवळ पाय चिकटेल ही भीती होती तीही रेघेमुळेच दूर झाली, कारण फलाटाच्या कडेला पिवळी पट्टी असते आणि यांनी ती ओलांडायची रेघ म्हणून वापरली. ऑटोरिक्षात घडी केलेला वॉकर पायांपाशी उभा राहतो, पण मग तिसऱ्या माणसाला जागा उरत नाही.

हा वॉकर किती उपयोगी आहे हे दिवसाच्या वेळेवरही ठरते, आणि इतर अभिप्रायांत मला हे कोठेच दिसले नाही. लेव्होडोपा हे या आजाराचे मुख्य औषध ठरावीक काळ काम करते आणि मग त्याचा प्रभाव उतरतो. औषध लागू असताना हे वॉकरसोबत अर्धा तास सहज चालतात. प्रभाव उतरल्यावर तोच वॉकर, तीच गल्ली आणि तोच माणूस असूनही दाराबाहेर पडणे होत नाही. डाळ, दूध, पनीर यांसारख्या प्रथिनयुक्त आहारासोबत गोळी घेतली की ती कमी लागू पडते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही ती जेवणाआधी वेळ ठेवून देतो आणि फिरण्याची वेळ गोळीवर बेततो. दुकानात वॉकर पाहायला जातानाही दोनदा जावे, एकदा औषध चांगले लागू असताना आणि एकदा ते उतरत असताना. आम्ही फक्त चांगल्या वेळी गेलो होतो, आणि ब्रेकचा दोष दुकानात न कळण्याचे ते एक कारण होते.

हालचालींच्या सर्वच मेंदूविकारांना हा वॉकर सारखा लागू पडत नाही. लघुमेंदूच्या विकारात माणूस चालताना झोकांड्या खातो. त्याला हलक्या वॉकरपेक्षा जड आणि रुंद वॉकर बरा पडतो. ज्या विकारांत माणूस सुरुवातीपासून मागे पडतो, त्यांत पुढे धरायची कोणतीही वस्तू पुरेशी नसते आणि सोबत माणूस लागतो. हातांचा कंप काही धरताना किंवा लिहिताना वाढतो असा, पार्किन्सन्सहून वेगळा कंपाचा विकार असेल, तर चालीला या वॉकरची सहसा गरजच नसते. म्हणून आधी निदान नेमके काय आहे ते विचारावे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे हेही पुष्कळांना माहीत नसते. आमच्या घरी ते सहाव्या वर्षी कळले, आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज त्यानंतर केला.

पुन्हा घ्यायचा झाल्यास मी हाच प्रकार घेईन, मात्र आठ इंची चाकांचा, घेतल्याच्या दिवशीच ब्रेकची तार आवळून, आणि घरात पट्ट्या आधी चिकटवून. एकट्या माणसाने तो वापरावा असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी रोज सकाळी निघण्यापूर्वी हे दोन्ही दांड्या दाबतात, सोडतात, वॉकर वीतभर ढकलून घर्षण डावीउजवीकडे सारखे आहे का ते पाहतात आणि मगच पहिले पाऊल टाकतात. गाडी हलवण्याआधी ब्रेकची चाचणी घ्यायची असते, हे मला त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सांगितले होते. या आठवड्यात उजव्या चाकाचे रबर झिजल्याचे त्यांच्याच लक्षात आले, आणि वॉकर सध्या मिस्त्रीकडे आहे.